दिव्याआधी वाचलेली ओळ

मामाला निवृत्तीपर्यंतचे शेवटचे आठ महिने कमवायचे होते. ते मिळाले, तर एकतीस वर्षं चालवलेल्या बसवरूनच तो निवृत्त होणार. नाही मिळाले, तर आगारातल्या हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीत बसणार. मध्ये अडली होती एक सही, आणि ती करायची होती सख्ख्या भाचीनं. तिचं चष्म्याचं दुकान होतं, डोळे तपासून दाखला द्यायचा अधिकारही होता. सही केली तर तिचाही फायदाच: मामा खूश, आई खूश, घरात शांतता.

तपासणी झकास झाली. मामानं तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ धडाधड म्हणून दाखवली. अडचण एवढीच, की त्या ओळीमागचा दिवा भाचीनं अजून लावलाच नव्हता.

तिच्या मनात खट्ट झालं. दुसरा तक्ता खणातच होता. पण तो काढणं म्हणजे मामाला तोंडावर खोटं ठरवणं. हात खणापर्यंत गेला आणि परत आला. "उद्या देते दाखला," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं आपल्या जुन्या सरांना फोन लावला.

"वाचलं ना त्यांनी?"

"वाचलं."

"मग कर सही. संशयाला फॉर्मात रकाना नसतो."

दिव्याचं तिनं सांगितलंच नव्हतं. सल्ला मागणारा माणूस प्रश्न कसा बेताचा कापून आणतो!

आईनं तर उडवूनच लावलं. "मामावर संशय? तुला सायकल कुणी शिकवली गं?"

दोघांचं मत सहीच्या बाजूनं. मनातलं ते खट्ट मात्र ऐकेना. दुसऱ्या दिवशी फॉर्म पर्समध्ये घालून ती मामाच्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली.

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी थांबायची, दार उघडायचं, जरा वेळानं मिटायचं.

"फार सज्जन ड्रायव्हर," शेजारची बाई कौतुकानं म्हणाली. "कुणी नसलं तरी थांबतो बिचारा."

भाची पुढचे रिकामे थांबे मोजू लागली.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, तशी ती पुढे गेली.

"अगंबाई, तू! तिकीट काढलंस ना?"

"काढलं. मामा, रिकाम्या थांब्यांवर कुणासाठी थांबतोस?"

मामा फडक्यानं स्टिअरिंग पुसायला लागला. "असलं कुणी उभं, तर राहून जायला नको."

"आणि थांबा नसेल तिथं कुणी मध्ये आलं तर?"

फडकं थांबलं.

"तक्ता कधी पाठ केलास?"

"तुझ्या आईनं करून घेतला," मामा हळूच म्हणाला. "तुझ्या दुकानात बसल्या बसल्या उतरवून आणला तिनं. महिनाभर रोज घोटून घेतला. चुकलो की चहा बंद! शाळेत एवढा अभ्यास केला असता, तर साहेब झालो असतो."

भाचीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं फॉर्म बाहेर काढला. "मामा, मला हे—"

"आण इकडे." त्यानं फॉर्मची चौघडी करून खिशात घातली. "तुला नाही म्हणायला लावू? एवढा आंधळा नाही झालो अजून."

मग त्यानं आगाराला फोन केला: परतीच्या फेरीला दुसरा माणूस पाठवा. तो येईपर्यंत दोघं बसच्या पायरीवर खांद्याला खांदा लावून बसली.

बहिणीला मामानं सांगितलं, "मलाच कंटाळा आला गाडीचा." ती तीन आठवडे त्याला फैलावर घेत होती. "पोरगी सही देत होती की रे! माझी सगळी मेहनत पाण्यात!"

गाडी मामाची गेली, बोलणीही मामानंच खाल्ली. आईचा महिनाभराचा अभ्यास बुडाला. भाचीला मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. तिचा वाटाही मामानंच भरला होता.