इचार करून राहिलो

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, उत्तमरावांना, चहात साखर किती टाकू असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "इचार करून राहिलो." चहा गार होतो, विचार काही संपत नाही. तेव्हा अंजनगावहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यालगतची आमची सलग अठरा एकर जमीन विकायची की नाही, यावर उत्तमराव काय म्हणाले असतील ते वेगळं सांगायला नको.

घेणारे होते पुण्याचे कमलाकांत. चिखलदऱ्याला फिरायला जाणाऱ्यांसाठी त्यांना तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं. माणूस सभ्य. आमच्या वांग्याच्या भाजीने डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी "छान झालीय हो" म्हणत जेवले.

माझे यजमान रोहित यांना विकायची भारी घाई. नोकरी अकोल्याला, म्हणून बंगलाही तिथेच हवा. सासूबाईंना त्या बंगल्याच्या शेजारी देऊळ हवं. मला काय हवं ते कोणी विचारलंच नाही. मला जमीन विकायची नव्हती. विहिरीजवळची शेवंती मी लावली, मी जगवली, अमरावतीच्या बाजारात तिला भावही मीच मिळवला. आता अकोल्याला जाऊन कुंडीत मनीप्लांट लावत बसू? पण हे सगळं मी वांगी चिरताना वांग्यांनाच सुनावत होते.

कमलाकांतांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामाजी म्हणाले, "इचार करून राहिलो." कमलाकांत नमस्कार करून निघून गेले. महिन्याभराने भाव वाढवून आले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा म्हणाले, रिसॉर्टला तुमचंच नाव देतो, 'उत्तमबाग'. मामाजी खुशीत हसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इचार करून राहिलो, साहेब." रोहित दात-ओठ खात गोठ्याकडे गेले.

परवा कमलाकांतांचा फोन आला. मामाजींना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"उत्तमराव, आता तुम्हाला त्रास देत नाही. परतवाड्याच्या पुढे एक जागा पाहिलीय, उद्या इसार देतो. तुमचा नकार मला मान्य आहे."

"म्या नकार कवा देल्ला?"

"तीनदा दिलात की. विचार करून राहिलो, म्हणालात. म्हणजे नीट विचार केलात आणि इथेच राहिलात. मला तर फार आवडलं ते."

मग रोहित फोनवर जवळजवळ ओणवे झाले. "अहो साहेब, आमच्याकडे करून राहिलो म्हणजे करतोय. बाबांचा विचार अजून चालूच आहे."

पलीकडे कमलाकांत खूप वेळ हसले. "असं होय. मग मी फोन धरून ठेवतो. विकताय का, आत्ताच सांगून टाका."

रोहितनी जोरजोरात होकाराची मान हलवली. सासूबाईंनीही हलवली. मामाजींनी फोनवर पंजा ठेवला आणि दारात फुलांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"मंजुषा, तू काहून नाई बोलून राहिली? तुले काय वाटते?"

मला रडू आलं आणि रागही आला. इतके महिने हे विचारायला काय झालं होतं?

"मले नाई इकाची, मामाजी," मी म्हणाले. "माही शेवंती हाये तिथं."

मामाजींनी या वेळी विचार केलाच नाही. पंजा काढला.

"साहेब, तुमी परतवाड्याचीच घ्या."

"म्हणजे मी चुकीचं समजलो नव्हतो?"

"नाई जी. तुमी समजले थेच बराबर हाये," मामाजी म्हणाले. "इचार केला, अन् राहिलो."