हार्ट लूज झालंय

मी पत्र बोलतोय. व्याकरणाने 'बोलतंय' म्हणायला हवं, पण मी लष्करातून आलोय, तेव्हा चालवून घ्या. एका लष्करी प्रबोधिनीच्या प्रमुखांनी मला स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिलं. खाली त्यांची लफ्फेदार सही. पोस्टाच्या थैलीत माझ्याशेजारी विजेची बिलं होती, त्यांच्याशी मी एक अक्षरही बोललो नाही.

गोष्ट पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीची. खर्डीजवळच्या एका पाड्यावरचा बुद्धभूषण त्या प्रबोधिनीत कॅडेट होता. पाड्यावरून तिथवर पोचलेला पहिलाच. त्याला कावीळ झाली आणि विश्रांतीसाठी घरी धाडलं. साहेबांनी माझ्यातून त्याला कळवलं होतं, की नीट बरा हो, खचून जाऊ नकोस, तुझी खाट राखून ठेवलीय. अठ्ठावीस तारखेपर्यंत आलास तर सत्र वाचेल, नाहीतर सहा महिने मागे पडशील. सगळं इंग्रजीत.

मी पोचलो चौदा तारखेला. बुद्धभूषण आत झोपला होता. उंबऱ्यात त्याची आई गोजाबाई आणि समोर पोस्टमन काळूराम. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हा नियम आमच्याकडे फक्त पोस्टाच्या भिंतीवर असतो. काळूरामने मला फोडलं, बोट ठेवून वाचत गेला आणि 'डू नॉट लूज हार्ट' या ओळीवर त्याचा चेहरा पडला.

"गोजाकाकी, बस खाली," तो हळूच म्हणाला. "पोराचं हार्ट लूज झालंय."

"म्हंजे रे?"

"ढिलं पडलंय. आनि साहेबांनी सक्त लिवलंय, डू नॉट. म्हंजे त्याला सांगू नका."

आजारी माणसाला त्याचा आजार सांगायचा नाही, बाकी सगळ्यांना सांगायचा, ही इथली रीत. गोजाबाईने मला पाकिटासकट भाताच्या कणगीत खुपसलं. एवढ्या मोठ्या साहेबाचा मी, आणि अंगभर कुसं टोचून घेत पडलो!

संध्याकाळपासून माणसांची रीघ लागली. जो तो शहाळं आणायचा आणि आपल्या ओळखीत कोण कसा बसल्या जागी गेला ते रंगवून सांगायचा. बुधी आत्याने तर त्याला खोकूही दिलं नाही, धक्का बसून निसटलं तर! दोन वेळा भाकरी मागून खाणारा बुद्धभूषण चक्रावून गेला.

चौथ्या दिवशी गोजाबाई मला पदराखाली घेऊन ज्ञानेश्वर गुरुजींकडे गेली. ते वाचून पोट धरून हसले. "हार्ट ठणठणीत आहे बाई त्याचं. हिंमत सोडू नको, असं लिहिलंय. अठ्ठावीसच्या आत पाठवा त्याला."

मला वाटलं, सुटलो. पण गोजाबाई हसली नाही. घरी आली आणि तिने मला पुन्हा कणगीत टाकलं, आधीपेक्षा खोल. बऱ्याच महिन्यांनी पोरगं घरात होतं. तिच्या हातचं खात होतं. मला तिचा राग आला, खोटं का बोलू?

रोज बुद्धभूषण काळूरामला विचारायचा, "माझं काय आलंय का?" काळूराम आभाळाकडे बघत म्हणायचा, "नाय रे, काय नाय. तू पड."

सव्वीस तारखेला त्याने गणवेश घडी करून ट्रंकेत ठेवला. "आये, मी नाय जानार आता. त्यांनी साधं विचारलंबी नाय. आसनगावला कामाला लागतो."

हेच तर तिला ऐकायचं होतं. पण तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गोजाबाईने त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. मग खांद्यापर्यंत हात घालून मला कणगीतून वर काढलं.

त्याने मला वाचलं. दोनदा वाचलं.

"हे कधी आलं, आये?"

"आजच."

पाकिटावर खर्डी पोस्टाचा शिक्का होता, चौदा तारखेचा, ठसठशीत. बुद्धभूषणने तो पाहिला. घडीतून गळालेले भाताचे दाणे पाहिले. मग आईकडे पाहिलं.

"टाइमावर आलं गो," तो म्हणाला. "अजून दोन दिस हायेत."

तो गेला, मोठा अधिकारी झाला, निवृत्त होऊन आता शहापुरात राहतो. गोजाबाई दहा वर्षांपूर्वी गेली. त्या शिक्क्याबद्दल तो तिला शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

परवा नात वैष्णवी मला लॅमिनेट करायला निघाली होती. "आजोबा, पाकीट टाकून देऊ ना?" तिने विचारलं. तो असा ओरडला, की घाबरून तिने मलाच खाली टाकलं.

आजही कधी कधी तो मला कपाटातून काढतो. मी सही सावरून तयार होतो. पण तो मला उलगडतही नाही, बाजूला ठेवतो आणि पाकिटावरच्या त्या चौदा तारखेवरून अंगठा फिरवत बसतो. आधी मला फार लागायचं. आता माझं एवढंच मागणं आहे. मला हवं तर टाका, पाकीट तेवढं जपा.