रोवणीच्या गाण्याची छाप

त्या पौर्णिमेले चंद्रशेखरले मी सोडणार नव्हतो. सकाळीच माझ्या सुनेनं, रंजितानं, मोबाइल तोंडापुढं धरला आणि म्हणाली, "बाबा, हे आपल्या मंडळाचं गाणं नाही का?" आयकलं. रोवणीचंच गाणं ते, धानाच्या बांधीत रोपं लावतानाचं, आमच्या उदारामदादाचं. मागं धाडधाड डीजे, पुढं हा सडक अर्जुनीचा पोट्टा, चंद्रशेखर, काळा चष्मा लावून नाचून राहिला. अन् शेवटच्या कडव्यात काय? "शेखर सांगे सभेले, ऐका बाया-माय!" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चहा तसाच ठेवून दिला.

आमच्याकडं ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येते. त्याले छाप म्हणतात. गाणारा कोणीही असो, छाप बदलत नाही. बाप बदलते का कोणाचा? दादाले जाऊन सहा वर्षं झाली. ना वावर, ना बंगला, भिंतीवरचा फोटोसुद्धा धड नाही. त्या गाण्यात तेवढं एक नाव उरलं होतं, तेही या दीडशहाण्यानं पुसलं. आयत्या बिळावर नागोबा!

सौंदडातलं आमचं पौर्णिमा मंडळ दादानंच काढलेलं. दर पौर्णिमेले वंदना झाली की विहाराच्या ओसरीवर बसायचं. पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ. माइक नाही, भोंगा नाही. दादा म्हणे, "ज्याले आयकायचं असल तो जवळ येऊन बसल." अन् लोक येतात. दरेकशाचा रामलाल तर दोन गाड्या करून गोंडी गाणी गायले येते. चंद्रशेखरही इथंच शिकला. त्याले ताल मी शिकवला. चाळीस वर्षं झाली, मंडळाची ढोलकी माझ्याच मांडीवर आहे.

दुपारी मी दादाच्या घरी गेलो. त्याची बायको सुमनबाई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "वैनी, त्या पोट्ट्यानं दादाचं नाव काढून टाकलं. आज सगळ्यांपुढं त्याचे दात घशात घालतो. दादाचं नाव परत आणतो." तिनं वर पाहिलं नाही. "आणा," एवढंच बोलली. मले वाटलं, बिचारीचं मन भरून आलं असल.

संध्याकाळी पठ्ठ्या आला. आल्या आल्या माझ्या पाया पडला. "जयभीम काका! छोटावाला स्पीकर गाडीत आहे, लगा दूं क्या?"

"राहू दे गाडीतच. गळा आणला का सोबत?"

लोक हसले. तोही हसला, निर्लज्ज. सुमनबाई नेहमीसारखी खांबाजवळ टाळ घेऊन बसली होती. सत्तरी गेली, पण मंडळात तिच्यासारखा पक्का टाळ कोणाचा नाही. गात मात्र कधी नसे.

चंद्रशेखरची पाळी आली आणि त्यानं तेच गाणं घेतलं. माझ्यापुढं! मी ढोलकी धरली. मुद्दामच धरली.

"पाठीवर लेकरू माझ्या, बांधीत माझे पाय,
चिखलात बोटानं लिहिलं मी भीमराय..."

गळा चांगला आहे मेल्याचा, खोटं कायले बोलू. शेवटच्या कडव्यावर आला, "शेखर सांगे" म्हणाला, अन् मी ढोलकीवरचे हात उचलले. गाणं जागच्या जागी पडलं.

"थांब बे!" मी उभाच झालो. "कोण शेखर? तू बांधलं का हे गाणं?"

"काका, काऊन चिडून राहिले? मंडळाचंच तर आहे ना."

"मंडळाचं नाही, उदारामदादाचं आहे! दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव टाकायले लाज नाही वाटत? ज्यानं बांधलं त्याचं नाव घे! आत्ता, इथं, सगळ्यांपुढं!"

माझा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असल. चंद्रशेखर खाली मान घालून बसला. मी म्हटलं, जिरली. तेवढ्यात खांबाजवळ टाळ फरशीवर आपटला.

"हे तर मले विचारायचं होतं, भाऊजी," सुमनबाई म्हणाली. "तुमाले."

"मले?"

"रोवणी कोण करते? बाया का माणसं? तुमच्या दादानं जन्मात रोपांची एक पेंडी तरी रोवली का? लेकरू कोणाच्या पाठीवर होतं? चिखलात बोट कोणाचं होतं?" तिनं टाळ दूर सारला. "बांधीत उभी राहून मी बांधलं ते. नाव त्याचं कोणी टाकलं, सांगा ना सगळ्यायले!"

रामलालनं तंबाखूची पुडी उघडली होती, ती तशीच हातात राहिली.

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. सोयीचं असलं की माणूस विसरतेच. पस्तीस वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी अर्जुनीले जयंतीत गायचं होतं. दादाच्या अंगणात वैनीनं आमाले ते गाणं म्हणून दाखवलं आणि म्हणाली, "शेवटी माझं नाव टाकू." मी ढोलकीवर दोन थापा मारल्या. म्हटलं, "नाही वैनी, तुमचं नाव ठेक्यात बसत नाही." बसवून पाहिलंही नव्हतं मी. बाईच्या नावाचं गाणं घेऊन गेलो तर अर्जुनीचे लोक हसतील, एवढंच डोक्यात होतं. मग मीच म्हणून दाखवलं, "उदाराम सांगे... पाहा, कसं बसलं!" दादानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"पस्तीस वर्षं," सुमनबाई म्हणाली, "माझ्याच गाण्याले टाळ धरून राहिली मी. तो गेला तेव्हा तुमी त्याले त्याच गाण्यानं पोचवलं. तेव्हाबी टाळ धरला. अन् आज या पोराले चोर म्हणता? तो तर तुमच्याकडूनच शिकला!"

माझ्या जिभेले हाड नाही. तोंडातून निघालं काय, तर, "पण वैनी, ठेक्यात..."

"वाजव," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं मले भाऊजीशिवाय हाक मारली नव्हती.

"वाजव, खेमराज!"

मी बसलो. ढोलकी ओढली. चंद्रशेखरनं पेटीचा सूर दिला. सुमनबाईनं टाळ उचललाच नाही, नुसती गायली. आवाज चिरका, म्हातारा, पण शब्दन्‌शब्द रस्त्यापलीकडच्या बायायले आयकू गेला. त्या उठून जवळ येऊन बसल्या. शेवटचं कडवं जवळ आलं. लपवत नाही, मनात आलं की अडखळू दे हे नाव. एकदा तरी अडखळू दे.

"सुमनबाई सांगे सभेले, ऐका बाया-माय..."

नाव बरोब्बर समेवर आलं. माझी थाप आपोआप त्याच्यावर पडली. तिनं ती ओळ पुन्हा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, तिन्ही वेळा माझेच हात तिच्या नावाले साथ देऊन राहिले.

मग ती थांबली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

"कुठं अडलं?"

मी खाली पाहिलं, दादानं पाहिलं होतं तसं.