वळणावर काळोखणारी गल्ली

ज्या वर्षी तोलारांची धाकटी लेक संसार मोडून, दोन बॅगा आणि एक कॉम्प्युटर घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. तोलार म्हणजे बाजारात धान्याची पोती काट्यावर चढवून वजन सांगणारे. काम कधीच सुटलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात तिघं: तोलार, लेक आणि तोलारांची थोरली बहीण, अक्का. अक्काचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तोलारांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, त्यांना काय हवं-नको ते आताच बघा.

अक्काला एकच हवं होतं. लहानपणच्या घराच्या दारात एकदा जाऊन उभं राहायचं. ते घर, ती गल्ली, सगळं मोठ्या रस्त्याखाली गेलं होतं.

लेकीचं काम असं, की न बांधलेली घरं ती कॉम्प्युटरवर उभी करायची आणि गिऱ्हाइकांना त्यातून हिंडवून आणायची. ती म्हणाली, "आत्या, तू सांगत जा. मी बांधते."

मग अक्का डोळे मिटून सांगायची. पायऱ्यांना पडलेले खळगे, शिंप्याच्या खिडकीतला निळा दिवा, भिंतीवरून लोंबणारी वेल. दुपारी पडदे ओढले की खोलीच्या भिंतीवर गल्ली उजाडायची. वेलीची सावली हलायची आणि तिघं बसल्या जागी चालू लागायची. तोलारांना तर पायाखाली गार फरशी लागायची.

पण घराच्या वळणाशी आलं, की सगळं एकदम काळं.

"लाइट गेली," अक्का शांतपणे म्हणायची. "तेव्हाही इथंच जायची."

"लाइट नाही गं आत्या. चित्र रंगवणारं नवं कार्ड घातलंय ना, ते वळणावर एकदम खूप वीज मागतं. पानं, सावल्या, काचा, सगळं एकदम येतं. आतली वीज देणारी पेटी जुनी आहे. दम तुटतो तिचा." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मला आज गिऱ्हाइकाचं काम पुरं करून द्यायचंय. तुम्ही नवा पॉवर सप्लाय आणाल? साडेसातशे वॅटचा. दुकानातूनच आणा हं."

तोलार निघाले खरे, पण वाटेत जुन्या सामानाचा बाजार लागला. एका पथारीवर तसल्याच पेट्या मांडलेल्या. तोलारांनी डोळे मिटून एकेक पेटी तळहातावर झुलवली. पोत्यात ओल आहे की खडे, हे त्यांना हात सांगायचा. एक पेटी अशी भरली, की आत एखादं जनावर गाढ झोपलंय असं वाटावं. वर साडेसातशेचा आकडाही होता.

"हीच," ते म्हणाले.

"काका, हात आहे तुमचा!" विकणारा हसला.

घरी लेकीनं ती जोडली. गल्ली उजाडली, पायऱ्या गेल्या, निळा दिवा मागे पडला, वळण आलं आणि पुन्हा काळोख. या खेपेला करपल्याचा वासही आला.

"बाबा, खरं सांगा. वजन करून आणलीत ना?"

तोलारांनी तळहात पाठीमागे लपवला.

"अहो, ते काय धान्य आहे!"

"कलिंगडही असंच आणायचा हा," अक्का कॉटवरून म्हणाली. "एक लाल निघेल तर शपथ." हसता हसता तिला धाप लागली आणि दोघांचं हसू जागीच विरलं.

तोलार पेटी घेऊन दुकानात गेले. दुकानवाल्या बाईनं ती उघडली. आत चार तारा आणि तळाला चिकटवलेली जाड लोखंडी पट्टी.

"ही वीज देत नाही, काका. उचलून बघणाऱ्यांसाठी बसवतात ही."

तोलार पट्टीकडे बघत राहिले. काट्याखाली दगड सरकवणारे त्यांनी जन्मभर पकडले होते.

"मग ओळखायचं कसं?"

"ओळखायला कशाला जाता? विचारा ना. आत काय काय आहे, कोण किती खातं?"

तोलारांनी लेकीलाच फोन लावून बाईच्या हातात दिला. बाईनं बेरीज केली. "हे झालं रोजचं. पण कार्ड मधेच दुपटीनं हात पसरतं. पाहुणे मोजून तेवढाच स्वयंपाक करता का? आणि नुसता मोठा आकडा बघू नका. कार्डाला वीज जाते ती बारा व्होल्टच्या तारांतून. तिथं किती मिळते ते वाचा, नि कंपनी किती वर्षांची हमी देते तेही."

बाईनं पुढ्यात ठेवलेल्या नव्या पेटीवरचं तोलारांनी बोट ठेवून, सावकाश वाचलं. मग पेटी हातात घेतली. आधीच्यापेक्षा हलकी! हात नाही नाही म्हणत होता. तोलारांनी हाताचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दुपारी लेकीनं अक्काच्या पाठीशी उशा लावल्या, पडदे ओढले. खळग्यांच्या पायऱ्या आल्या. शिंप्याचा दिवा आला. वेलीची सावली तिघांच्या अंगावरून सरकली. वळण आलं. पेटीचा पंखा जरा घुमला, पानं हलली, आणि वळण मागे पडलं.

"अक्का, दार!"

"दिसतंय रे. डोळे शाबूत आहेत माझे."

दारावर ऊन पडलं होतं. अक्का बघत राहिली.

"आत्या, आतलं अजून केलं नाही मी. सांग, म्हणजे करते."

"नको बाई. आत गेले की आई कामाला लावेल. इथंच उभी राहते जरा."

ती उभी राहिली. तिच्या शेजारी तोलारही, स्टुलावर बसूनच, उभे राहिले. खरं ऊन पडद्यामागे उतरत गेलं. त्या दारावरचं मात्र हललं नाही.

अक्का त्याच वर्षी ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी गेली.