आईचा औषधांचा डबा

उरलेली औषधं गोळा करत दारोदार फिरणाऱ्या नर्सताईंसमोर एका आजींनी बिस्किटांचा जुना डबा उघडला, आणि ताईंना आपल्या आईचा डबा आठवला.

आईचं गणित सरळ होतं. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. थोरल्याच्या घशाच्या गोळ्या धाकटीच्या कानालाही चालायच्या. डॉक्टर बजावत, "कोर्स पूर्ण करा." आई म्हणे, "बरं वाटल्यावर कशाला उगाच पोटात ढकलायच्या?" ती कॅप्सूल फोडून अर्धी पूड मधात कालवायची, भरवायची आणि कपाळावर हात ठेवून बसायची. निम्मा ताप त्या हातानंच पळायचा.

"गोळ्या घरात असलेल्या बऱ्या," आजी डबा सोडेनात. "नातीला अचानक ताप आला तर?"

एरवी ताईंच्या जिभेला धार चढली असती. आज त्या शेजारी टेकल्या.

"आजी, माझी आईही असंच करायची. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तिला शेवटचा ताप आला, तेव्हा दवाखान्यातलं एकही औषध लागू पडेना. तिच्या कपाळावर ठेवायला माझा हात तेवढा उरला होता."

आजींनी डबा ताईंच्या पिशवीत पालथा केला.