आश्लेषेचा जन्म

वेदवतीचा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा, म्हणून पत्रिकेत तिची योनी, म्हणजे नक्षत्राला ठरलेली प्राण्याची जात, मांजराची. तिच्या नियोजित नवऱ्याची, गुरुराजची, उंदराची. मांजर उंदराला खाईल, या धास्तीने त्याच्या आईने ठरलेलं लग्न अडवलं होतं.

शेवटी वेदवतीचे वडील तिरुमलराव मंडी मोहल्ल्यातल्या ज्योतिषाकडून नवी पत्रिका करून आले. "जन्मवेळ सकाळी सातऐवजी दुपारी बारा घातली. नक्षत्र बदललं. आता तूही उंदीर," ते समाधानाने म्हणाले.

वेदवतीने पत्रिकेतल्या वेळेवर बोट ठेवलं. "अप्पा, मला जन्म देऊन आई आठ वाजता गेली. मग बाराला मी कुणाच्या पोटी जन्मले?"

तिरुमलराव खाली बसले. "गुरुराजनेच सुचवलं गं," ते पुटपुटले.

तिने लगेच गुरुराजला फोन लावला.

"सुम्ने, उगाच कशाला वाढवतेस?" तो म्हणाला. "एक आकडा तर बदललाय."

"तुला तुझ्या आईपुढे तोंड उघडता येत नाही, म्हणून माझी आई पुसायची? हे लग्न होणार नाही," असं सांगून तिने फोन ठेवला आणि वडिलांच्या हातातली पत्रिका घेऊन फाडली. त्यांनी अडवलं नाही.

दुपारी तिने त्यांना वाढलं, पण स्वतःचं ताट घेऊन ती आतल्या खोलीत जेवायला बसली.