हेडबाईंचा हिरवा ठिपका

तक्रार एका ओळीची होती : ‘गेलेल्या बाईंचं नाव पडद्यावरून जात नाही.’

आमच्या टीमच्या लीडला आम्ही सगळे रामबाण म्हणतो, कारण प्रोग्रॅमच्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच उपाय असतो : रीस्टार्ट. त्यानं तक्रार वाचली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. “तुझी आत्या त्याच वृद्धनिवासात असते ना? मग तूच जा. एका फेरीत दोन कामं.”

मी तशीही जाणारच होते. तिथल्या मेट्रनबाईंनी बाबांना कळवलं होतं की, आत्याचं डोकं आता ठिकाणावर नाही, तिला मागच्या इमारतीत हलवावं लागेल. मागच्या इमारतीतल्या दारांना आतून कडी नसते. बाबांनी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. ते मला म्हणाले होते, “तू बघून ये. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, माझ्या बहिणीच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर नाही.”

मेट्रनबाईंच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर प्रत्येक रहिवाशाचं नाव, खोली आणि शेजारी हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे माणूस यंत्रणेत आहे, त्याची बेल चालू आहे. बेल म्हणजे गळ्यात अडकवायचं एक बटण. ते दाबलं की ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातातला फोन वाजतो. हा सगळा व्यवहार सांभाळणारा प्रोग्रॅम आमचा, जावा या संगणकभाषेत लिहिलेला. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला.

“ह्या बघा आमच्या हेडबाई,” मेट्रनबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. “गेल्या, खोली धुऊन झाली, भाचा येऊन सामान घेऊन गेला. नाव काढायला गेलं की ‘काढलं’ म्हणून सांगतं, आणि बाई जिथल्या तिथे! ठिपक्यासकट.”

“मी तर येता-जाता त्यांना नमस्कार करते,” दारातली धाकटी सिस्टर म्हणाली. “उगाच वाकड्यात कशाला शिरा?”

“तू तुझं काम कर. शाळेत असतीस तर पहिली छडी तुलाच बसली असती.” मेट्रनबाई हसल्या, मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, “चांगल्या होत्या हो. कुणाला त्रास नाही. वरच्या मजल्यावर गेल्यापासून तर एकदाही बेल नाही. सकाळचा चहा घेऊन मुलगी गेली, तर शांत पडलेल्या. फार समाधानानं गेल्या.”

मी वर गेले. खालच्या मजल्यावरचे पाइप गळायला लागल्यावर तिथल्या दोघींना वर हलवलं होतं : हेडबाईंना शेवटच्या खोलीत आणि आत्याला तिच्या अलीकडच्या. हेडबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. फिनेलचा वास दाराखालून बाहेर येत होता.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं काम. अजूनही ती बोलताना मान किंचित एका बाजूला कलती ठेवते.

“आली का शंकासूर?” ती म्हणाली. लहानपणी मी फार प्रश्न विचारायचे. “बस. मला वेड लागलंय असं सांगितलं असेल ना खाली?”

“वेड नाही म्हणाले. विसरायला होतं म्हणाले.”

“मी काहीएक विसरत नाही, तीच तर अडचण आहे. बघ.” तिनं गळ्यातलं बटण दाबलं. त्यावरचा लाल दिवा लागला. “आता कोण येतंय ते पाहा.”

आम्ही वाट पाहिली. कुठेतरी ट्रॉलीची चाकं कुरकुरली, नळ सुरू झाला, बंद झाला. कुणी आलं नाही. मी मनात म्हटलं, कामात असतील. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, एवढं तर पदवीनं शिकवलंय. “पुन्हा दाब.”

तिनं पुन्हा दाबलं. तेवढ्यात ती धाकटी सिस्टर दारावरूनच गेली. मी तिला थांबवून तिच्या हातातला फोन पाहिला. काही नव्हतं.

“आजींची बेल कधी येतच नाही,” ती मायेनंच म्हणाली. “त्या नुसतं दाबलं-दाबलं म्हणतात. नवीन यंत्र आहे, गोंधळतात.”

आत्याच्या गळ्यात लाल दिवा अजून चालूच होता.

सिस्टर गेल्यावर आत्या जरा पुढे झुकली. “आणि ती ठोकते.”

“कोण?”

“हेडबाई. भिंतीवर. आधी तीनदा, मग थांबते, मग तीनदा. शाळेत टेबलावर छडी आपटायची सवय असणार.”

“आत्या, हेडबाई गेल्या.”

“माहीत आहे की. मी काय खुळी आहे? पांढऱ्या चादरीतून नेताना दारात उभी होते मी.”

“मग ठोकतंय कोण?”

“तीच,” आत्या म्हणाली. “गेली म्हणून काय झालं? कुणी आलं कुठे अजून?”

त्या क्षणी मला मेट्रनबाईंचं म्हणणं पटत चाललं होतं, हे खरं आहे. खाली येताना मी बाबांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

ऑफिसात बसून लॅपटॉप जोडला. रामबाणचा फोन आला.

“झालं?”

“नाही. आत्ताच सुरू करतेय.”

“सुरू काय करायचंय त्यात? रीस्टार्ट मार. याआधी दोनदा तिथून हीच तक्रार आली होती. दोन्ही वेळा मीच मिटवली. रीस्टार्ट, नाव गायब, चहा.”

“नाव जाईल, पण का चिकटून राहिलं होतं ते कळणार नाही.”

“कळून करायचंय काय?”

“थोडा वेळ दे ना, दादा.”

“घे बाई. शेपूट धरून हत्ती शोधणारी तू.”

मी चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावले. सगळे रहिवासी एका हॅशमॅपमध्ये ठेवले होते. हॅशमॅप म्हणजे पुष्कळ कप्प्यांचं कपाट समजा. माणूस आत ठेवताना त्याचं नाव आणि खोली यांवरून एक हिशेब होतो आणि कोणता कप्पा ते ठरतं. पुढे तो माणूस हवा असेल तर तोच हिशेब पुन्हा करायचा, तोच कप्पा उघडायचा. सगळं कपाट धुंडाळावं लागत नाही. हुशारीची सोय आहे.

मी प्रोग्रॅमला आधी सांगितलं : सगळे कप्पे एकेक करून उघड आणि आतली नावं दाखव. हेडबाई होत्या. मग सांगितलं : फक्त हेडबाईंचा कप्पा उघड. उत्तर आलं : नल. म्हणजे तिथे कुणीही नाही.

आहेत आणि नाहीत. मी दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, पुन्हा तीच उत्तरं. मानेवर काटा आला, आणि तो यायचं काही कारण नव्हतं, कारण तोवर मला कारण कळलं होतं. हेडबाईंना वर हलवल्यावर प्रोग्रॅमनं त्यांना कप्प्यातून बाहेर काढलंच नव्हतं. आतल्या आत त्यांच्या चिठ्ठीवरचा खोली क्रमांक तेवढा बदलला होता. आता हिशेब केला की नव्या खोलीप्रमाणे दुसराच कप्पा निघत होता, रिकामा. नाव पुसणारी आज्ञा त्या रिकाम्या कप्प्याशी जात होती आणि काम झालं असं समजून परत येत होती. पडदा मात्र सगळे कप्पे उघडून बघतो, म्हणून त्याला बाई दिसत होत्या. रीस्टार्ट केलं की साठवलेल्या यादीवरून, जिच्यातून नाव खरोखर पुसलेलं असतं, सगळं कपाट नव्यानं भरलं जातं आणि भूत नाहीसं होतं. रामबाणचा उपाय खोटा नव्हता.

जावा शिकवताना पहिल्या वर्षीच सांगतात : ज्यावरून कप्पा ठरतो ती गोष्ट नंतर बदलू नये. सगळ्यांना हे पाठ असतं.

मी दुरुस्ती लिहायला घेतली होती. मग सहज, म्हणजे निव्वळ जिज्ञासा म्हणून, बेल वाजल्यावर काय होतं ते वाचलं. बटण दाबलं की प्रोग्रॅम त्या माणसाचा कप्पा उघडतो आणि त्याच्या सिस्टरला फोन करतो. एकच कप्पा. आणि कप्पा रिकामा निघाला तर? तर एकच शब्द लिहिलेला होता : रिटर्न. गुपचूप मागे फिर. ना आवाज, ना नोंद.

मी आत्याचं नाव टाकलं. नल.

पडद्यावर आत्याचा ठिपका हिरवागार होता.

“मेट्रनबाई, माझ्याबरोबर वर चला. ड्यूटीचा फोन घेऊन.”

“नाव निघालं का?”

“आधी चला.”

वर जाताना मी त्यांना कपाट आणि कप्पे समजावून सांगितले. त्यांना ते फारसं पटलं नाही. “दिवा लागतो ना? मग बेल चालू असते. हलवलं त्या दिवशी मी स्वतः दोघींचे दिवे पाहिलेत.”

“दिवा बटणातच असतो. तो फक्त बटणाची खबर देतो.”

आत्याला मी बटण दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. मेट्रनबाईंनी हातातला फोन डोळ्यांसमोर धरला. आत्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा, मग बोट तसंच दाबून ठेवलं. फोन काळा होता. आत्याच्या अलीकडच्या खोलीतल्या आजोबांना मी बटण दाबायला लावलं, ते कधीच हलवले गेले नव्हते. मेट्रनबाईंच्या हातात फोन खणखणून वाजला आणि त्या दचकल्या.

त्या आत्याच्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग मला म्हणाल्या, “हेडबाईंनासुद्धा त्याच दिवशी हलवलं होतं.”

“हो.”

“त्यांनी दाबलं असेल का?”

“सांगता येणार नाही. रिकाम्या कप्प्याची नोंद राहत नाही.”

“मी सांगते की,” आत्या म्हणाली. तिनं मान नेहमीसारखी कलती केली होती. “तिनं दाबलं असेल, कुणी आलं नसेल, म्हणून भिंत ठोकायला लागली. मी इकडून आवाज दिला. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं ठोकत होती. मग मी माझं बटण दाबलं, तिच्यासाठी. कुणी आलं नाही. मग मी उठून तुम्हाला शोधायला निघाले. अर्ध्या जिन्यात तुमची रात्रपाळीची पोर भेटली. मी म्हटलं, शेजारी बघ. ती म्हणाली, आजी, बेल का नाही वाजवलीत? आणि गोळी देऊन मला झोपवलं.”

मेट्रनबाईंनी चेहऱ्यावरून हात फिरवला. रात्री कॉरिडॉरमध्ये भटकतात, असं त्यांनीच बाबांना सांगितलं होतं.

“आणि सकाळी चहा घेऊन मुलगी तिच्याकडे गेली,” आत्या म्हणाली.

खाली येऊन मी आधी स्मृतीची प्रत काढून घेतली, म्हणजे आतलं कपाट जसं होतं तसं जपून ठेवलं. मग दुरुस्ती केली. माणसाची ओळख आता खोलीवर नाही, खोली बदलली तरी न बदलणाऱ्या क्रमांकावर ठरते, आणि कप्पा रिकामा निघाला तर सगळ्या सिस्टरांचे फोन एकदम वाजतात. रामबाणला फोन केला आणि विचारलं, आधीच्या दोन तक्रारींमधली नावं कुणाची होती, त्यांना मरण्याआधी खोली बदलून दिली होती का? त्यानं विनोद केला नाही. खूप वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “हो. दोघांनाही.”

शेवटी रीस्टार्ट करावंच लागलं. पडदा काळा झाला, एकेक नाव परत आलं. हेडबाई आल्या नाहीत. धाकटी सिस्टर दारात उभी होती, तिनं त्या मोकळ्या ओळीला नमस्कार केला की नाही ते मी पाहिलं नाही.

मेट्रनबाईंनी बाबांना स्वतःच फोन लावला. “तुमच्या बहिणीला कुठेही हलवायचं नाही. त्यांचं डोकं आमच्यापेक्षा बरं आहे,” एवढंच म्हणाल्या.

निघण्याआधी आत्याला सांगायला गेले. “आता दाबून बघ.”

तिनं दाबलं. लगेच जिन्यावर पावलं वाजली, मेट्रनबाई धापा टाकत दारात. “काय हवंय, आजी?”

“मला काही नको,” आत्या म्हणाली. “शेजारी बघा.”

मला वाटलं, आता त्या समजूत घालतील. त्यांनी घातली नाही. त्या पुढे गेल्या, शेवटच्या खोलीचं दार उघडलं, दिवा लावला. उघड्या दारातून फिनेलचा वास आला. त्या आत काही क्षण उभ्या होत्या. मग दिवा बंद करून परत आल्या आणि आत्याला म्हणाल्या, “बघितलं.”

“बरं,” आत्या म्हणाली.

त्यानंतर मी दर रविवारी जाते. आत्या दिवसातून एकदा तरी बटण दाबते, आणि जी सिस्टर येईल ती तिनं न सांगताच आधी शेवटची खोली उघडून बघते. तिथे अजून कुणाला ठेवलेलं नाही. भिंतीवरचं ठोकणं थांबलं का, हे मी आत्याला विचारलेलं नाही.